दुकानाची भिंत आणि दुकानदाराची पत

व्यापाराच्या इतिहासात भाव, जकाती आणि सनदा यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. ज्या जागेत बसून व्यापार चालतो तिचा विचार त्या मानाने थोडा. वास्तविक दुकानाचा ओटा, दारावरची कमान आणि भिंतीवरचे चित्र ही नुसती शोभेची साधने नव्हेत. लहान व्यापाऱ्याची पत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे उभी करण्याचे काम ती करतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तरी हा धागा फार मागे नेता येतो.

ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेने आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत, तिच्याच पश्चिमेकडील एका वळणावर ती जगप्रसिद्ध लेणी आहेत. अजिंठा म्हटला की वाकाटक सम्राट हरिषेण आणि त्याचा मंत्री वराहदेव आठवतात. परंतु त्यांच्याही कित्येक शतके आधी घनामदड नावाच्या एका वाण्याने तेथील बारावे लेणे दान दिल्याचा लेख आहे. पुण्याजवळ कार्ल्यास धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नामक गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, चैत्यगृहाचे द्वार करून दिले. हा धर्म होता, जाहिरात नव्हे, हे उघड आहे. तथापि त्या गंधिकाचे नाव, गाव आणि धंदा ही तिन्ही दोन हजार वर्षे टिकली. कां टिकली? त्याने लोकांना आधी दार दिले आणि मग त्या दारापाशी आपले नाव कोरविले. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे.

आता खामगावाकडे वळू. १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली आणि तूप, सूत व कापूस यांची देवघेव सुरू केली. पुढे ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ झाली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग खुला झाला. पेठ वाढली की अनोळखी माणसाशी व्यवहार वाढतो आणि ओळखीची जागा खुणेला घ्यावी लागते. रस्त्याकडे उघडी असलेली पेढी, स्वच्छ गादी, सर्वांना दिसेल असा तराजू, भिंतीवर गेरूने लिहिलेले शुभ-लाभ, या साऱ्यांचा अर्थ एकच, की येथे झाकून काही नाही. निरक्षर गिऱ्हाइकासाठी चित्र हेच अक्षर असे. म्हणून गिरणीच्या कापडावर हत्ती, घोडे आणि देवदेवता यांचे छाप आले. मार्क्याची नक्कल होऊ लागली, तेव्हा १८८९ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये सरकारला कायदे करावे लागले.

१८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि त्यातील रंगीत चित्रे घराघरांत व दुकानांत लागली. ती पाहून गावोगावच्या चित्रकारांचा हात तयार झाला. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ झाले. धंद्याचे नाव माणसाला चिकटावे, एवढी त्या धंद्याची प्रतिष्ठा होती. खामगावालाही पंधे गुरुजींमुळे चित्रकलेच्या शिक्षणाची परंपरा लाभली आहे.

मग आज आपल्या बाजारपेठा एकसारख्या कां दिसतात? एक कारण, यंत्रावर छापलेले फ्लेक्सचे फलक. दुसरे कारण याहून विचार करण्याजोगे आहे. मोठी कंपनी फलक फुकट लावून देते. त्यावर तिचे नाव हातभर आणि दुकानदाराचे बोटभर! आपली भिंत आपण दुसऱ्याच्या लौकिकाला देऊन टाकतो. उद्या तोच माल शेजारी स्वस्त मिळाला, तर गिऱ्हाईक आपल्या दारी कां थांबावे?

यास फार खर्चाचा उपाय नको. खामगावच्या चांदीच्या कारागिराने भिंतीवर आपल्या कामाची रीत रंगवून घ्यावी. शेगावच्या दुकानदाराने थकलेल्या वारकऱ्याला टेकण्यापुरता ओटा आणि पाण्याचा माठ ठेवावा. लोणारला येणाऱ्या प्रवाशाला सरोवराचा नकाशा चहाच्या दुकानाच्या भिंतीवर मिळाला, तर ते दुकान त्याच्या कायम स्मरणात राहील. भिंत मात्र आपली असावी, किंवा मालकाची लेखी संमती घ्यावी. १९९५ पासून राज्यात विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी रंग देण्यापूर्वी खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढविला, वर चुन्याचा हात दिला आणि मगच कुंचला उचलला. दुकानालाही हाच क्रम लागू आहे. खरे माप आणि गोड शब्द हा गिलावा, चित्र त्यानंतर. गिलावाच कच्चा असेल, तर कितीही उंची रंग पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतो.