लेखणीचीं दोन टोंकें



अलीकडे बाजारांत एक दुतोंडी लेखणी मिळते. एका टोंकाला शाई, दुसऱ्या टोंकाला काळ्या रबराचें मऊ बोंड. कागद पुढें आला कीं शाईचें टोंक खालीं करावें. मोबाइलची कांच पुढें आली कीं लेखणी उलटी धरून बोंड टेकवावें. मराठींत कोणाला दुतोंडी म्हणणें हें भूषण नव्हे. पण बिचाऱ्या मांडुळालाही आपण दुतोंडेंच म्हणतों, आणि तें तर शेतकऱ्याचे उंदीर खातें! तेव्हां नांवावर न जातां या लेखणीचें कुळ कोणतें, एवढेंच आज पाहूं.

शाईच्या टोंकाची वंशावळ आपणांस ठाऊकच आहे: बोरू, टाक, झरणी आणि मग गोळीची लेखणी. बोरूला चाकूनें तिरपा छेद द्यावा, दौतींत बुडवावा, चार शब्द लिहावे, पुन्हां बुडवावा. वॉटरमन या अमेरिकन गृहस्थानें १८८४ सालीं आपल्या झरणीचें पेटंट घेतलें आणि दौत लेखणीच्या पोटांत जाऊन बसली. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईचा धंदा काढला. तीच पुढें कॅम्लिन कंपनी झाली. तिच्या शाईनें महाराष्ट्रांतील किती विद्यार्थ्यांचीं बोटें निळीं केलीं, याची मोजदाद कोण करणार! १९३८ च्या सुमारास बिरो या हंगेरियन पत्रकारानें गोळीच्या लेखणीचें पेटंट मिळविलें. माझ्या खिशांतील लेखणी याच शेवटच्या पिढीची. पितळी अंगाची, हातांत घेतांच वजन जाणवावें इतकी जड. आणि शाई अशी सरळ उतरते कीं, कामाचा मजकूर संपला तरी उगाच चार अक्षरें काढीत बसावें. चांगल्या लेखणीचें सुख ज्यानें भोगलें आहे त्याला अधिक सांगणें नको.

दुसऱ्या टोंकाचें शास्त्र निराळें आहे. मोबाइलची कांच दाब ओळखीत नाहीं. ती विजेचा भार ओळखते. तिच्याखालीं विजेचें एक अतिसूक्ष्म जाळें पसरलेलें असतें. बोट टेकलें कीं तेथील भारांत फरक पडतो आणि त्या फरकावरून यंत्र जागा हेरतें. इंग्लंडांतील ई. ए. जॉन्सन यांनीं ही कल्पना १९६५ सालीं प्रसिद्ध केली. वाळकी काडी कांचेवर कितीही घासली तरी कांहीं उमटत नाहीं तें यामुळेंच. रबराचें बोंड वीजवाहक असतें, लेखणीचें अंग धातूचें असतें, आणि तें अंग आपल्या हातांत असतें. म्हणून कांचेच्या लेखीं तें बोंड म्हणजे बोटच. तें इतकें जाड कां, याचेंही उत्तर यांतच आहे. कांच बोटाच्या मापानें घडविलेली. साध्या अणकुचीदार टोंकाची तिला दादच लागत नाहीं. स्वतःची वीज बाळगणाऱ्या महागड्या लेखण्यांचें टोंक बारीक असतें, पण तो प्रकार वेगळा. २००७ सालीं आयफोन लोकांना प्रथम दाखवितांना स्टीव्ह जॉब्स यांनीं स्टायलसची भर सभेंत थट्टा केली होती. त्यांच्या पश्चात् २०१५ सालीं त्यांच्याच कंपनीनें आपली लेखणी बाजारांत आणली. बोटानें पुष्कळ होतें, पण अक्षर काढावयाचें म्हटलें कीं हाताला कांहींतरी धरावेंसें वाटतें.

जाड टोंक, क्षणांत उमटणारें आणि क्षणांत पुसलें जाणारें अक्षर: आपणांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. पंतोजींच्या शाळेंत मूल पहिल्या दिवशीं धूळपाटीपुढेंच बसे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, गिरवावें, आणि हात फिरवून फळी पुन्हां कोरी करावी. 'धुळाक्षरें' हा शब्द त्या फळीनंतरही भाषेंत टिकून आहे. मुलांचाच हा खेळ होता असेंही नव्हे. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनीं आंकडेमोडीला 'धूलिकर्म' असें नांव दिलें आणि अंकगणिताला 'पाटीगणित' म्हटलें, तें या फळीवरूनच. चाळीसगांवजवळ पाटणें येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. त्या मठांत किती फळ्या भरल्या आणि पुसल्या गेल्या असतील! ती आंकडेमोड वाऱ्यावर गेली. मठाला कोणत्या मालावर काय हक्क नेमून दिला, तें मात्र जुन्या मराठींत दगडावर राहिलें.

म्हणून स्टायलस म्हणजे पुसट लेखन, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. संस्कृतांत 'लिख्' या धातूचा मूळ अर्थच ओरखडणें असा आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत गेल्यास दोन्ही घराणीं एकाच छपराखालीं नांदतांना दिसतात. एकीकडे भोसले राजांच्या दप्तरांतील मोडी कागद, बोरूनें लिहिलेले. दुसरीकडे लोखंडी शलाकेनें कोरलेलीं ताडपत्रें. ताडपत्रावर आधीं ओरखडा उठतो आणि मग त्यांत काजळी चोळतात. म्हणजे शलाका आणि शाई यांची सोयरीक तेथें केव्हांच झालेली होती.

कोणतें लेखन राखावयाचें आणि कोणतें पुसावयाचें, हा प्रश्न नाशिककरांनीं फार पूर्वीं सोडविला होता. शहराबाहेरील पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें, १,००० दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं. व्याजांतून लेण्यांतील भिक्षूंचीं वस्त्रें आणि इतर किरकोळ खर्च भागवावयाचा. पुढें लेख सांगतो कीं, हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रीतीप्रमाणें 'फलकवारांत' नोंदलें. फलकवार म्हणजे दप्तराची जागा, असा पंडितांचा अर्थ. त्या शब्दांतही फळी आहेच. रोजच्या व्यवहाराचें लेखन दप्तरांत, आणि ज्यावर पुढच्या पिढ्यांचीं वस्त्रें अवलंबून तें दगडांत! दप्तर नाहींसें झालें. व्याजाचा दर आपण आजही वाचूं शकतों.

मराठेशाहींत हीच खबरदारी कागदावर घेतली जाई. मजकूर कारकुनाच्या हातचा; पण शेवटीं मोर्तब उठे, म्हणजे खालीं कोणाला एक ओळही घुसडतां येऊं नये. आज मोर्तब गेलें, सही आली. परंतु बटवड्याचा माणूस दारांत यंत्र पुढें करतो आणि आपण बोंडानें जी वांकडीतिकडी रेघ ओढतों, तिला सही म्हणवत नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली. ती अशी रेघ नव्हे, गणिती संकेतांनीं बांधलेली खूण आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आतां तीच असते, आणि त्यांत तक्रार करण्याजोगें कांहीं नाहीं. मृत्युपत्र मात्र त्या कायद्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेविलें आहे. मेलेल्या माणसाला पुन्हां विचारतां येत नाहीं. त्याच्या हातची खूण कागदावर असलेली बरी.

हेंच नाशिकचे तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. गंगेवर गेलेल्या यात्रेकरूला ते आडनांव आणि मूळ गांव विचारतात, लांबट वही काढतात, आणि त्याच्या पणजोबानें स्वतःच्या हातानें लिहिलेला मजकूर पुढें ठेवतात. कोण आलें, बरोबर कोण होतें, मुलांचीं नांवें काय. कधीं मोडी, कधीं बाळबोध. एखादें अक्षर थरथरलेलें. ज्या पूर्वजाची तसबीरही घरांत नाहीं, त्याचा हात तेथें भेटतो. मग उपाध्याय सांगतात, आतां आपला मजकूर खालीं लिहा. या वह्यांचीं छायाचित्रें काढून यंत्रांत ठेवण्यास माझी कांहीं हरकत नाहीं, उलट तें झालेंच पाहिजे. पण पणतवाला कांचेवर जें दिसेल तें छायाचित्र असेल, आणि छायाचित्र काढावयास आधीं अक्षर लागतें.

एक व्यावहारिक सूचना राहिली. जुन्या वह्यांतली काजळाची शाई उन्हाला सहसा बधत नाहीं. आजच्या पुष्कळ रंगीत शायांची तशी खात्री नसते. त्या पाण्यांत पसरतात, उजेडांत फिकटतात, आणि गोदेचा पूर नाशिकच्या काठच्या घरांना नवीन नाहीं. दुतोंडी लेखणीची कांडी बहुधा बदलतां येते. नाशिकला निघण्यापूर्वीं तींत न विरघळणाऱ्या शाईची कांडी घालून न्यावी.