बारा वर्षांचं वैराग्य

नीलांजनेची गोष्ट आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असते. भर दरबारात नाचता नाचता तिचं आयुष्य सरलं आणि ऋषभदेवांना वैराग्य झालं. स्पेनमध्ये अशीच एक गोष्ट फ्रान्सिस्को दे बोर्खा या सरदाराची सांगतात. ती वाचल्यापासून मला त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोबद्दल जास्त कुतूहल वाटत आलं आहे.

बोर्खाचा जन्म १५१० चा, व्हॅलेन्सियाजवळच्या गांदिया गावचा. त्याच वर्षी पोर्तुगिजांनी गोवा घेतला. एकीकडून पोप सहावा अलेक्झांडर त्याचा पणजोबा, दुसरीकडून राजा फर्डिनंड. दोन्ही नाती अनौरस मुलांकडून आलेली, पण त्या घराण्यांत त्यावाचून कुणाचं काही अडत नसे! लहानपणी तो तोर्देसियासला राजकन्येच्या चाकरीत होता. तिथंच तिची आई, राणी हुआना, वेडी ठरवून कोंडून ठेवली होती.

१५२९ साली त्याचं लग्न लेओनोर दे कास्त्रोशी झालं. ही पोर्तुगालची, सम्राज्ञी इसाबेलच्या खास सख्यांपैकी. इसाबेलही पोर्तुगालचीच, गोवा घेतला तेव्हाचा राजा मॅन्युएल तिचा बाप. पुढं बोर्खाकडं सम्राज्ञीच्या पागेचा कारभार आला. सम्राट पाचवा चार्ल्स सतत लढाईवर, म्हणून नवराबायको दोघं तिच्याच सावलीत वावरत.

१ मे १५३९ ला इसाबेल बाळंतपणात तोलेदोला गेली, वय अवघं ३५. शव ग्रानादाला पोचवायचं काम बोर्खावर आलं. उन्हाचे दिवस, सुमारे दोन आठवड्यांचा प्रवास. तिथं ओळख पटवण्यासाठी पेटी उघडली, तर देखणा म्हणून नावाजलेला तो चेहरा ओळखू येईना. ‘जो मरतो अशा धन्याची चाकरी यापुढं नाही’ असं तो तेव्हा म्हणाला, असं सांगतात. मोरेनो कार्बोनेरोने १८८४ मध्ये या प्रसंगाचं मोठं चित्र काढलं. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचं आहे.

गोष्ट इथंच संपवतात. पण त्यानंतर तो घरी गेला, आणि त्याच वर्षी सम्राटानं त्याला कॅटालोनियाचा व्हाइसरॉय नेमलं. चार वर्षं तो बार्सेलोनात दरोडेखोरांचा बंदोबस्त करत होता. १५४३ मध्ये वडील गेले, तो गांदियाचा ड्यूक झाला. पदरी आठ मुलं. १५४६ मध्ये लेओनोर वारली. ती असेतो त्यानं घर सोडलं नाही, हे मला त्या पेटीच्या प्रसंगाहून मोठं वाटतं. १५४८ मध्ये त्यानं जेझुइट संघाची व्रतं गुपचूप घेतली, पण मुलांची नि जहागिरीची व्यवस्था लागेपर्यंत संसारातच राहायची पोपची परवानगीही घेतली. मुलांची लग्नं, देणी-घेणी सगळं उरकलं. १५५१ साली ओन्याते गावी थोरल्या कार्लोसच्या हाती सगळं सोपवून तो बाहेर पडला. पेटी उघडल्याला तोवर बारा वर्षं झाली होती. आपल्या आदिनाथांनीही आधी भरत-बाहुबलींना राज्य वाटून दिलंच होतं, पण कीर्तनात ते एका वाक्यात आटोपतं.

ओन्यातेत तो मठाच्या स्वयंपाकघरात पाणी-लाकडं वाही, असं त्याच्या चरित्रात सांगतात. (आपण जन्मभर वाहतो, आपलं चरित्र कोण लिहिणार!) कार्डिनलची लाल टोपी देऊ केली, ती त्यानं नाकारली. १५५५ मध्ये तोर्देसियासला, जिथं लहानपणी चाकरी केली तिथंच, म्हाताऱ्या हुआनाच्या मरणघडीला तो उशाशी बसला होता. पुढं त्याच्या नावावरच्या पुस्तकावर धर्मन्यायसभेनं बंदी घातली, त्याला देश सोडावा लागला. १५६५ ला रोममध्ये तो संघाचा प्रमुख झाला, १५७२ ला वारला, १६७१ मध्ये संत ठरला.

त्याच्या इसाबेल नावाच्या लेकीचा मुलगा म्हणजे लेर्माचा ड्यूक. तिसऱ्या फिलिपचा हा लाडका मंत्री वीसेक वर्षं अख्खं राज्य चालवत होता, आणि खाण्यातही मागं नव्हता. १६१७ साली आजोबांच्या अस्थी थाटामाटात माद्रिदला आणल्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी, खुर्ची डळमळायला लागली तेव्हा, आजोबांनी नाकारलेली ती लाल टोपी नातवानं मागून घेतली. कार्डिनलला फासावर देता येत नाही, म्हणून चोरानं लाल कपडे चढवले, असं लोक रस्त्यात म्हणत.