लस घेतली, मग मास्क कशाला? प्लेगपासून कोविडपर्यंतचा एक वाद

१/ २०२१ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी एक प्रश्न विचारला जात होता. दोन्ही डोस झाले, मग अजून मास्क कशाला? वरवर पाहता हा प्रश्न कोविडचा वाटतो. मात्र स्वतःला संरक्षण मिळालेल्या माणसाने सर्वांसाठीचे निर्बंध पाळावेत का, हा त्याचा गाभा याच भूमीवर सव्वाशे वर्षांपूर्वी वादाचा विषय झाला होता. #धागा #इतिहास

२/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने घरांच्या झडत्या घेतल्या आणि माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी जो कायदा लागू केला, तो हाच.

३/ त्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. ते शून्य मात्र झाले नाही.

४/ लोक लसीला भीत होते, आणि छावणीला त्याहून अधिक. सरकारने या दोन भीतींची सांगड घातली. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणाच्या जाचातून सूट देण्याचे धोरण आले. या सुटीचा मुख्य हेतू लसीकरण वाढवणे हा होता. लस घेतलेल्यापासून इतरांना धोका उरत नाही, असे काही त्यातून सिद्ध झाले नव्हते. ती सूट म्हणजे बक्षीस होते, वैद्यकीय निष्कर्ष नव्हे.

५/ हे बक्षीस फारसे महाग पडले नाही, याचे कारण रोगाच्या वाटेत होते. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत हे दाखवले, पण ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. अशा रोगात तोंडावरील कापड साथ थांबवू शकत नव्हते.

६/ १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. येथे रोग श्वासावाटे पसरत होता. डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीदार कापडाचे मास्क वापरण्याचा आग्रह धरला. फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेनी यांनी तो मानला नाही. रुग्ण तपासताना त्यांना संसर्ग झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. रोग त्याच जिवाणूचा, पण पसरण्याची वाट बदलली आणि उपायही बदलला.

७/ मास्क नेमके कोणाचे रक्षण करतो? दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत कामगाराचा मास्क त्याच्या स्वतःसाठी असतो. आत येणारी हवा गाळली जावी, एवढेच त्याचे काम. श्वास सहज सोडता यावा म्हणून अशा अनेक मास्कना झडप असते. साथीत मात्र बाहेर पडणारा श्वासही अडवायचा असतो. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने झडप असलेले एन-९५ मास्क वापरू नयेत असे राज्यांना कळवले.

८/ वादाची किल्ली येथेच आहे. कोविडची लस प्रामुख्याने घेणाऱ्याला गंभीर आजारापासून वाचवते. संसर्ग आणि प्रसार ती कमी करते, पण पूर्णपणे थांबवत नाही. साथीतील मास्क समोरच्यालाही वाचवतो. दोघांची कामे वेगळी असल्याने एक केले म्हणून दुसऱ्याची गरज आपोआप संपत नाही.

९/ अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने १३ मे २०२१ रोजी पूर्ण लसीकरण झालेल्यांना मास्कमधून बहुतांश ठिकाणी सूट दिली. जुलैत मॅसॅच्युसेट्समधील एका उद्रेकात ४६९ रुग्णांपैकी ३४६ जणांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. मृत्यू एकही नाही. म्हणजे लस आपले काम करत होती, पण डेल्टा विषाणू तिला चुकवून पसरतही होता. २७ जुलै रोजी, जास्त संसर्ग असलेल्या भागांत बंदिस्त सार्वजनिक जागी लस घेतलेल्यांनीही मास्क वापरावा, असा सल्ला सीडीसीला द्यावा लागला.

१०/ महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १५ ऑगस्ट २०२१ पासून, दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये प्रवेश मिळाला. २७ नोव्हेंबरच्या आदेशाने सार्वजनिक वाहतूकही पूर्ण लसीकरण झालेल्यांपुरती ठेवली. मात्र त्याच आदेशात मास्क नसल्यास ५०० रुपये दंड होता आणि रुमाल म्हणजे मास्क नव्हे, असेही स्पष्ट केले होते. प्लेगप्रमाणे येथेही दाखल्याचे बक्षीस होते. पण या वेळी ते प्रवासापुरतेच होते, तोंड उघडे ठेवण्यापर्यंत पोहोचले नाही.

११/ हे जाचक वाटले, आणि दंडाची झळ रोजंदारीवर जगणाऱ्याला अधिक बसली, हे खरेच. पण तेव्हा मुलांसाठी लसच खुली झालेली नव्हती. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले. एसटीत शेजारी बसलेल्याने लस घेतली आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. डिसेंबरात ओमायक्रॉन आला आणि लस घेतलेल्यांनाही मोठ्या संख्येने संसर्ग झाला. त्या हिवाळ्यात मास्क कायम ठेवणे योग्यच ठरले.

१२/ १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. तोवर लसीकरण पसरले होते आणि लाट ओसरली होती. म्हणून तो निर्णयही योग्यच. साथीच्या नियमाला कारण हवे, तसा शेवटही हवा. पुढच्या साथीत हा प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा ‘मी सुरक्षित आहे का?’ एवढेच विचारून भागणार नाही. रोग कोणत्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर आपल्या पुढे कोण उभे आहे, हेही विचारावे लागेल.