संदेशांची रांग

ट्रंक कॉलचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ हे तीन शब्द निराळे समजावून सांगावयास नकोत. मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला बोलावयाचे, तर आधी एक्स्चेंजकडे कॉल नोंदवावयाचा आणि मग टेलिफोनपाशी ताटकळत बसावयाचे. दुप्पट आकार भरला म्हणजे कॉल अर्जंट होई. आठपट भरला म्हणजे लाइटनिंग. तारा मोजक्या, बोलणारे पुष्कळ. तेव्हा आधी कोणी बोलावयाचे, हे एक्स्चेंजमध्ये समोरच्या चिठ्ठ्या पाहून ठरत असे. १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांत परस्पर नंबर फिरविण्याची सोय झाली, ती पुढे देशभर पसरली, आणि चिठ्ठ्यांची ती चळत दृष्टीआड गेली.

दृष्टीआड गेली, नाहीशी झाली नाही. आज कार्यालयाच्या, बँकेच्या किंवा इस्पितळाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक हिरवे दिवे लुकलुकणारी एक चपटी पेटी बसविलेली असते. तिला स्विच म्हणतात. एक्स्चेंजमधील ती चळत आता या पेटीच्या पोटात आहे. फरक एवढाच की, सेकंदाला एक अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तिच्या एकेका दारातून लहानात लहान संदेश जाऊ लागले, तर ते एका सेकंदात १४ लाख ८८ हजारांपर्यंत जाऊ शकतात. आणि त्यांतील प्रत्येकाविषयी त्या पेटीला तोच जुना प्रश्न पडतो: याला कोणत्या दाराने पाठवावयाचे, आता की मागाहून, आणि जागा उरली नाही तर कोणाला टाकून द्यावयाचे?

ही पेटी जन्माला आली, ती ज्या व्यवस्थेत रांगच नव्हती अशा व्यवस्थेच्या पोटी. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओने मुख्य संगणकाशी जोडली. ज्याला बोलावयाचे त्याने खुशाल बोलावे. दोघे एकदम बोलले आणि शब्द एकमेकांत मिसळले, तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम. नियम साधा खरा, पण महाग. यंत्रे सहज लहर लागेल तेव्हा बोलतात असे धरून गणित मांडले, तर त्या वाहिनीच्या शक्तीपैकी फार तर १८ टक्केच सत्कारणी लागते. उरलेली टकरींत किंवा नुसत्या शांततेत जाते.

हे गणित कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने बारकाईने वाचले होते. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिले आणि त्यात ‘इथरनेट’ हे नाव योजिले. प्रकाशाला वाहून नेणारा ईथर विश्वात सर्वत्र भरलेला आहे अशी भौतिकशास्त्रज्ञांची एकेकाळी समजूत होती; मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगाने तिला हादरा दिला. पदार्थविज्ञानाने टाकून दिलेले ते नाव एका तारेला मिळाले, आणि आज मूळ ईथर कोणाच्या स्मरणात नसला तरी नाव घरोघर आहे. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या रचनेत प्रत्येक यंत्र आधी तार मोकळी आहे की नाही ते ऐके, मगच बोलू लागे. बोलत असताना टक्कर झालीच तर तात्काळ थांबे आणि यदृच्छेने ठरविलेला काळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करी. टकरी वाढल्या की थांबण्याची मुदत दुपटीने वाढत जाई. सोळा प्रयत्न फसले, तर ते यंत्र नाद सोडून देई. चाळीतील एकाच नळावर शेजारणींनी आपापसांत समजुतीने पाणी भरावे, तसा हा व्यवहार होता. वरून देखरेख करणारा कोणी नाही. म्हणून तो स्वस्त पडला आणि १९८३ साली त्याचे प्रमाणपत्रक ठरून तो जगभर गेला.

परंतु चाळ वाढली. एका तारेवर शंभर यंत्रे आली म्हणजे नळावरची समजूत टिकत नाही. तेव्हा दोन तारांच्या मध्ये एक पहारेकरी बसविण्याची युक्ती निघाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत मार्क केम्फ यांनी जो ‘ब्रिज’ तयार केला, त्याचे कौशल्य असे की, त्याला कोणी काही शिकवावे लागत नसे. संदेशाच्या ज्या तुकड्याला फ्रेम म्हणतात, त्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे दोन्ही पत्ते असतात. ब्रिज पाठविणाऱ्याचा पत्ता वाचून ‘हा गृहस्थ या बाजूस राहतो’ अशी आपल्या वहीत नोंद करी, आणि पुढे त्याच्या नावाने काही आले तर ते त्याच बाजूस सोडी. ज्याची नोंद नाही त्याच्या नावाचे टपाल सर्व दारी फिरवावयाचे, आणि जो काही मिनिटे बोलला नाही त्याचे नाव खोडावयाचे. नव्या गावी बदलून आलेला पोस्टमन याहून वेगळे काय करतो? आजचा स्विचही नेमके हेच करतो.

१९९० साली सिलिकॉन व्हॅलीतील एका लहानशा कंपनीने सात दारांची एक पेटी बाजारात आणली आणि तिला ‘इथरस्विच’ म्हटले. कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. भारद्वाजांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचे नाव पडले होते. खरे पाहता ही पेटी म्हणजे अनेक दारांचा ब्रिजच. परंतु ब्रिजची कीर्ती मंदगतीची होती, तेव्हा नवे नाव लाभदायक ठरले. या पेटीचा वेग एका धाडसी युक्तीत होता. दहा मेगाबिटच्या तारेवर सर्वांत मोठी, १५१८ बाइटची फ्रेम पुरती आत यावयास सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. कल्पनाची पेटी तेवढी वाट पाहत नसे. आरंभीच्या सहा बाइटांत घेणाऱ्याचा पत्ता असतो. तो वाचून होताच ती फ्रेम पुढच्या दारातून बाहेर सोडू लागे, मग मागची शेपटी अद्याप आत यावयाची का असेना!

धाडसाची किंमत असतेच. फ्रेमच्या शेवटी चार बाइटांची एक पडताळणी-संख्या असते आणि फ्रेम वाटेत बिघडली की नाही हे तिच्यावरून कळते. शेपटी येण्याआधीच तोंड पुढे पाठविले, तर बिघडलेले मालही रवाना होते. शिवाय १९९५ साली शंभर मेगाबिटचे इथरनेट आले आणि एकाच पेटीला मंद व जलद अशी दोन्ही प्रकारची दारे लागली. मंद दाराने येणारी फ्रेम जलद दाराने जशी येईल तशी सोडता येत नाही, कारण देणारा घेणाऱ्याला पुरा पडत नाही. म्हणून बहुतेक सर्व स्विच ‘आधी साठवा, तपासा, मग पाठवा’ या जुन्या, सावध रीतीकडे वळले. १९९४ मध्ये कल्पना कंपनी सिस्को या मोठ्या कंपनीत विलीन झाली.

साठवावयाचे म्हटले की कोठार आले, आणि कोठार आले की रांग आली. येथे इतिहासाची खरी गंमत आहे. चार दारांनी आलेले संदेश एकाच दाराने बाहेर पडू पाहतात, तेव्हा तीन वाट्यांना थांबणे भाग आहे. सामान्य बुद्धी म्हणेल, कोठार मोठे करावे. जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात कोठार अमर्याद धरून विचार केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. येणाऱ्यांचा ओघ जाणाऱ्यांहून सतत अधिक राहिला, तर रांग वाढत जाते. ज्यांना आयुष्याची मर्यादा घालून दिलेली असते ते पॅकेट रांगेतच कालबाह्य होतात. आणि अखेर अमर्याद जागा असूनही सर्वच संदेश वाया जातात. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, ओघ अनावर झाला म्हणजे काय होते याचा प्रत्यय आला. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांमधील अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांमधील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरले. चालत जाऊन कागद देऊन आलेले परवडले असते. हरवलेल्या संदेशांच्या प्रती यंत्रे पुनःपुन्हा पाठवीत राहिली आणि त्या प्रतींनीच वाट बुजली. तेव्हापासून कोठाराचे आकारमान हा तोलून-मापून ठरविण्याचा विषय झाला: लहान असेल तर क्षणिक लोंढ्यात संदेश सांडतात, फार मोठे असेल तर सारे पोहोचतात, पण उशिरा.

आणि उशीर सर्वांनाच सारखा बाधत नाही. पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तरी कोणाचे बिघडत नाही. टेलिफोनवरील आवाज मात्र एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळला, की बोलणारे एकमेकांच्या शब्दांवर पाय देऊ लागतात. म्हणून १९९८ साली फ्रेममध्ये चार बाइटांची एक चिठ्ठी घालण्याची सोय प्रमाणित झाली. त्या चिठ्ठीतील तीन बिट अग्रक्रमासाठी आहेत. म्हणजे शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या. ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’, ‘लाइटनिंग’ यांचे आणखी पाच भावंडांसह पुनरागमन झाले म्हणावयाचे! त्यातही मौज अशी की, एक हा आकडा शून्याच्या वर नसून खाली धरला गेला: शून्य म्हणजे सर्वसाधारण, आणि एक म्हणजे ‘सवडीने गेले तरी चालेल’ असे.

शिक्का मारावयाचा कोणी, हा प्रश्न मात्र कोणत्याही कचेरीत उद्भवणारा. प्रत्येक फाइलीवर ‘तातडीचे’ ही चिठ्ठी लागली की तातडीचे असे काही उरतच नाही. प्रत्येक संगणकाने आपल्या फ्रेमवर स्वतःच सात लिहिले तर? यासाठीच साधा स्विच आणि व्यवस्थापनाधीन स्विच यांत भेद झाला. दुसऱ्या प्रकारच्या स्विचला अधिकारी आज्ञा देऊ शकतो: या दाराने येणाऱ्या शिक्क्यावर विश्वास ठेव, त्या दाराने येणारा पुसून शून्य लिही, आणि कोणत्या दाराशी किती संदेश सांडले याचा हिशेब ठेव.

दुसरा प्रश्न न्यायाचा. वरची रांग पुरती संपल्याखेरीज खालच्या रांगेला हात लावावयाचा नाही, असा कडक नियम केला, तर वरच्यांचा ओघ अखंड राहिल्यास खालच्यांची पाळी येतच नाही. आळीपाळीने एकेक फ्रेम घेतली, तर ज्याच्या फ्रेम मोठ्या त्याचे फावते. यावर १९९५ साली एम. श्रीधर आणि जॉर्ज व्हर्गीस यांनी एक सुटसुटीत तोड सुचविली. व्हर्गीस हे मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. त्यांच्या रीतीत प्रत्येक रांगेला दर फेरीस ठराविक बाइटांचा शिधा मिळतो. पुढची फ्रेम त्या शिध्यात बसत नसेल तर ती थांबते, पण न वापरलेला शिधा पुढच्या फेरीत जमेस धरला जातो. सरकारी अनुदान ३१ मार्चला व्यपगत होते, त्याहून हा नियम पुष्कळ उदार आहे. तरीही एक अट आहे: रांग रिकामी झाली की शिल्लक पुसली जाते, रिकाम्या हाताने बसून पुंजी साठविता येत नाही.

सर्वांत वरचा सातवा आकडा कोणासाठी राखला, हे पाहण्यासारखे आहे. तो आवाजासाठी नाही, वरिष्ठांसाठी तर नाहीच. तो आहे स्विचांच्या आपापसांतील बोलण्यासाठी. अनेक स्विच जोडताना, एखादी तार तुटली तरी काम अडू नये म्हणून, जादा तारा टाकतात. त्यांतून वर्तुळ तयार होते. इथरनेटच्या फ्रेमवर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. तेव्हा सर्वांसाठी पाठविलेली एक फ्रेम वर्तुळात सापडली, की ती फिरतच राहते आणि तिच्या प्रतींची संख्या वाढत जाते. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने उपाय शोधला: स्विचांनी एकमेकांना नियमाने लहान संदेश धाडून एक वृक्ष ठरवावयाचा आणि वर्तुळ जोडणारी दारे मिटून ठेवावयाची. हे संदेश येत आहेत तोवर मिटलेले दार मिटलेले राहते. ते येईनासे झाले, की स्विचला वाटते पलीकडची वाट तुटली, आणि तो दार उघडतो. वाट तुटलेली नसून नुसती गर्दीने तुंबलेली असली, तर त्याच क्षणी वर्तुळ पुरे होते.

१३ नोव्हेंबर २००२ रोजी बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या इस्पितळात या प्रकारचा अनर्थ ओढवला. दोन संस्थांच्या एकीकरणातून वाढत गेलेले तेथील जाळे पर्लमन यांच्या रीतीला मानवणाऱ्या सात टप्प्यांच्या मर्यादेबाहेर गेले होते. एका संशोधकाने मोठा माहितीसंच पाठविण्यास आरंभ केला, त्या ओघात स्विच बुडाले आणि जाळ्यात वर्तुळ झाले. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल, औषधांच्या आज्ञा, सारे त्याच तारांवर होते. यंत्रे बिघडली नव्हती, तारा शाबूत होत्या. फक्त संदेश पुढे सरकत नव्हते. जाळे मधूनमधून उभे राही आणि पुन्हा कोसळे. अखेर इस्पितळाने संगणकाचा नाद सोडून कागदी नमुने बाहेर काढले, आणि सुमारे चार दिवस बोस्टनच्या त्या अद्ययावत इस्पितळात रोग्यांचे निकाल माणसांच्या हातून, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात होते.