धरमपेठेच्या जमिनीखालचा रेडॉन

रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग, वास किंवा चव नसते. तो कारखान्यातून नव्हे, तर पायाखालच्या खडक-मातीतून येतो. त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेत तो किती असेल, याचा पहिला अंदाज तिथल्या भूगर्भावरून बांधता येतो.

रेडॉन तयार कसा होतो?

जवळपास प्रत्येक खडकात थोडे युरेनियम असते. त्याच्या ऱ्हासातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. दर ३.८ दिवसांनी रेडॉन निम्मा होतो. त्यामुळे घट्ट मातीत तो वर येईपर्यंत बराचसा संपतो. भेगा मिळाल्या तर मात्र लवकर पोहोचतो. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून एकाच जागेवरचे आकडे ऋतूनुसार बदलू शकतात.

नागपूरच्या पोटात काय आहे?

शहर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसले आहे. धरमपेठ, सेमिनरी हिल्स, सीताबर्डी या पश्चिम भागात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, ग्रॅनाइटशी नाते सांगणारे नाइस खडक आहेत. बेसाल्टमध्ये युरेनियम साधारणतः दहा लाख भागांत १ भागाहून कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ३ ते ४ भाग. त्यामुळे धरमपेठेच्या जमिनीत रेडॉन तुलनेने कमी असणे अपेक्षित आहे. पण बाहेरून आणलेला भराव किंवा खडकातील भेगा हे गणित बदलू शकतात.

शास्त्रज्ञ तो का मोजतात?

मातीतील रेडॉनवरून युरेनियमचे साठे आणि जमिनीखालचे भ्रंश शोधता येतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागात अशी मोजमापे झाली. मात्र रेडॉनवरून भूकंपाचे खात्रीशीर भाकीत करता येत नाही.

धोका कधी?

उघड्यावर रेडॉन विरून जातो; बंद तळघरात किंवा तळमजल्यावर साचतो. श्वासावाटे गेलेले त्याचे किरणोत्सारी अवशेष फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी प्रति घनमीटर १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली आहे.

खडकाचा नकाशा फक्त अंदाज देतो. खरा आकडा खोलीत काही महिने ठेवलेल्या छोट्या डिटेक्टरवरूनच कळतो. फरशीच्या भेगा बुजवणे आणि हवा खेळती ठेवणे हे साधे उपाय आहेत.