मोजमाप मागणे म्हणजे नक्कल नव्हे

रोबो बनवणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोटर विकणाऱ्याकडे कॅड फाईल आणि ड्रॉइंग मागितले, की आपल्या तंत्रशिक्षणाच्या वर्तुळात एक ठरलेले उत्तर मिळते : ‘आयते कशाला हवे? वस्तू हातात घ्या, व्हर्निअर लावा, स्वतः काढा, त्यातूनच शिकाल.’ असे म्हणणारे शिक्षक तळमळीचे असतात. वर्कशॉपमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत मुलांबरोबर थांबणारे बहुधा तेच असतात. म्हणून त्यांचे मत हातासरशी बाजूला सारता येत नाही. ते आधी पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे आणि मग तपासले पाहिजे.

तर पूर्वपक्ष असा. जो आकार मुलगा स्वतः मोजून काढतो तो त्याच्या डोक्यात बसतो. आयती फाईल असेंब्लीत ओढून टाकली की त्या वस्तूचे काहीच कळत नाही. शिवाय अशा फाईलींमध्ये चुका असतात आणि मुले त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. विक्रेते म्हणतात, ड्रॉइंग बाहेर दिले तर उद्या कोणीही आमचा माल बनवेल. बीडसारख्या जिल्ह्याबद्दल बोलताना यात आणखी एक मुद्दा जोडला जातो : जिथे धड लेथ नाही, जिथल्या निम्म्या वस्त्या ऊसतोडीच्या हंगामात रिकाम्या होतात, तिथे कॅड फाईल ही फार पुढची गोष्ट झाली.

पहिल्या हेतूपासून, म्हणजे पूर्वपक्षाने दिलेल्या पहिल्या कारणापासून, सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जिथे आयती माहिती मिळते तिथे शिकणे थांबते, अशी व्याप्ती इथे धरलेली आहे. हेतू आहे पण साध्य नाही, असे एक जरी स्थळ सापडले तरी न्यायशास्त्र त्या हेतूला व्यभिचारी, म्हणजे न टिकणारा, ठरवते. इथे तर असे स्थळ आपल्या परीक्षा हॉलमध्येच आहे. मशीन डिझाइनच्या पेपरला मुले कोइमतूरच्या पीएसजी महाविद्यालयाचे डिझाइन डेटा बुक उघडपणे घेऊन बसतात. त्यात पोलादाची ताकद, चावीचे माप, व्ही-बेल्टचे छेद सगळे आयते असते. ही तक्त्यांतली मापे पाठ करणे म्हणजे डिझाइन नव्हे, कोणते माप कुठे आणि का निवडायचे हे डिझाइन, एवढे आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. बेअरिंगचेही तेच. दुकानात जाऊन ‘६२०४ द्या’ म्हटले की आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, जाडी १४, हे कंपनी कोणतीही असो ठरलेले असते. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्यापुढचे असले की पाचाने गुणायचे आणि आतला व्यास काढायचा, हे बीडच्या कोणत्याही जुन्या फिटरला येते. बेअरिंग आधी व्हर्निअरने मोज आणि मगच शाफ्ट टर्न कर, असे त्याला कोणी सांगत नाही. बेअरिंगचे माप आयते मिळाल्याने त्याचे ज्ञान उणावले नाही. मग तोच नियम मोटरला का लागू नाही?

आता व्हर्निअरबद्दल. मोजणे ही मोठी विद्या आहे आणि ती प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, यात माझे दुमत नाही. पण कोणती वस्तू मोजायला लावतो हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या विद्यार्थी रोबोंमध्ये ३७ मिमी व्यासाच्या गिअरबॉक्सची १२ व्होल्टची मोटर जागोजागी दिसते. या नमुन्याच्या बहुतेक मोटरींच्या तोंडावर एम-३ ची सहा भोके असतात, ती ३१ मिमी व्यासाच्या वर्तुळावर बसवलेली असतात, आणि ६ मिमीचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या केंद्रात नसून सुमारे ७ मिमी बाजूला असतो. हे बाजूला असलेले अंतर व्हर्निअरने थेट मोजता येत नाही. कडेपासूनची मापे घेऊन, अर्धे व्यास वजा करून काढावे लागते. प्रत्येक पायरीला थोडी चूक शिरते. पुढे त्या शाफ्टवर एक मोड्यूलचे वीस दातांचे गिअर बसवून चाळीस दातांचे फिरवायचे असेल तर दोन केंद्रांतले अंतर ३० मिमी हवे. शाफ्टची जागा अर्धा मिलिमीटर चुकली तर गिअर एकमेकांत अडकतात, नाहीतर दात सुटे वाजतात. प्लेट कापून आलेली असते, पैसे गेलेले असतात आणि स्पर्धेची तारीख तशीच राहते. यात मुलगा काय शिकला? मोटर बनवणाऱ्याला जे माप आधीच ठाऊक होते ते चुकीचे कसे काढावे, एवढेच. तोच वेळ त्याने गिअरचे प्रमाण बदलून पाहण्यात घातला असता तर ते खरे शिक्षण झाले असते.

पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. वस्तू मोजायची तर ती आधी हातात हवी. पुण्याचा विद्यार्थी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जातो, मुंबईचा लॅमिंग्टन रोडवर जातो, चार दुकानांतल्या चार मोटरी हातात धरतो, शाफ्ट फिरवून पाहतो, एखादी विकत घेतो. त्याच्यासाठी ‘स्वतः मोजा’ हा सल्ला निदान पाळता येण्यासारखा आहे. केजच्या, धारूरच्या किंवा आष्टीच्या मुलाला असा बाजार नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. जिल्ह्याने तिची कित्येक दशके वाट पाहिली होती. तरीही रोबोचा सुटा भाग आजही कुरिअरनेच येतो. मागवल्यावर काही दिवसांनी तो हातात पडतो, आणि उघडून वापरल्यावर परत जात नाही. या मुलाला ‘आधी वस्तू हातात घे, मग मोज’ सांगणे म्हणजे आधी खरेदी कर आणि विचार नंतर कर, असे सांगणे आहे. तीन मोटरींमधून एक निवडायची असेल तर त्याने तिन्ही विकत घ्याव्यात काय? फाईल असली की तो तिन्ही मोटरी संगणकावर चौकटीत बसवून पाहतो, चाक कुठे घासते, बॅटरीला जागा उरते का, वजन मर्यादेत राहते का हे तपासतो, आणि मगच पैसे देतो. बाजारापासून दूर असलेल्याला ही फाईल हाच बाजार आहे. म्हणून मी हा विषय बीडच्या संदर्भात मांडतो. पुण्यात ड्रॉइंग नसले तर गैरसोय होते. बीडमध्ये ड्रॉइंग नसले तर निवडच उरत नाही.

ही नुसती मनातली कल्पना नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट स्पर्धेत शाळकरी मुलांना २०१९ पर्यंत साधारण सहा आठवड्यांतच अख्खा रोबो उभा करावा लागे. तिथे अँडीमार्कसारखे पुरवठादार उभे राहिले. ही कंपनी २००४ मध्ये याच स्पर्धेतल्या संघांना मार्गदर्शन करणाऱ्या अँडी बेकर आणि मार्क कूर्स यांनी काढली. असे पुरवठादार मालाच्या पानावरच त्रिमितीय मॉडेल आणि मापांसह ड्रॉइंग ठेवतात. सुटा भाग पोचण्याआधीच संघाचा रोबो पडद्यावर जुळलेला असतो. तिथली मुले त्यामुळे मठ्ठ झाली, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेची मोठी परंपरा आहे; २०१४ ची आशिया-पॅसिफिक फेरी पुण्यात बालेवाडीला झाली होती. आपल्या संघांकडे कल्पकता भरपूर आहे. पण तिचा केवढा तरी भाग भोकांची जागा शोधण्यात खर्ची पडतो, हे मला सलते.

फाईलींमध्ये चुका असतात, हा हेतू मात्र खरा आहे. मी तर पूर्वपक्षाच्याही पुढे जाऊन सांगतो की अचूक फाईलसुद्धा पुरेशी नसते. स्टेप स्वरूपातली फाईल (आयएसओ १०३०३, हे मानक १९९४ पासून आहे) बहुधा फक्त नाममात्र माप सांगते. मॉडेलमध्ये शाफ्ट ८.०० मिमीचा दिसतो. ड्रॉइंगवर त्याच्यापुढे एच-७ लिहिलेले असते, म्हणजे तो ७.९८५ ते ८.००० मिमीच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि बेअरिंग हाताने सरकेल की ठोकावे लागेल हे त्यावर ठरते. आटे मॉडेलमध्ये बहुतेक वेळा दाखवलेलेच नसतात. साधे गुळगुळीत भोक दिसते, आणि मुलगा एम-३ च्या स्क्रूसाठी नेमके किती भोक पाडायचे यात फसतो. आणखी एक धोका आहे. आपण शाळा-महाविद्यालयांत एन. डी. भटांच्या पुस्तकावरून प्रथम कोनातले प्रक्षेपण शिकतो. अमेरिकी ड्रॉइंग तृतीय कोनात असते. कोपऱ्यातले छोटे चिन्ह न पाहता वाचले तर उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा होऊन बसतो.

पण यावरून निघतो तो निष्कर्ष पूर्वपक्षाच्या नेमका उलट आहे. फाईल अपुरी आहे, तर तिच्याबरोबर मापांचे ड्रॉइंगही मागितले पाहिजे. ड्रॉइंग वाचायला अवघड आहे, तर ते वाचायला शिकवले पाहिजे. खऱ्या कारखान्याचे ड्रॉइंग हातात आल्याशिवाय टॉलरन्स हा विषय मुलांसाठी परीक्षेतली एक व्याख्या राहतो. चुकीच्या भीतीने ड्रॉइंगच न देणे म्हणजे ज्या अडाणीपणाची तक्रार करतो तोच पोसणे. असा हेतू आपल्याच साध्याच्या विरुद्ध जातो. शिक्षकांना व्हर्निअर आवडतो ना? मग आलेला भाग मोजून ड्रॉइंगशी ताडून पाहायला लावा. मापाला तुलना मिळते, आणि मोजण्याला अर्थ येतो.

चोरीची भीती फार वेळ खाण्यासारखी नाही. विद्यार्थ्याला बाहेरचा आकार, भोकांच्या जागा आणि शाफ्टचे माप हवे असते. गिअरबॉक्सच्या आत काय आहे ते नको असते. पुरवठादार आतून पोकळ मॉडेल देऊ शकतो आणि चांगले पुरवठादार तसेच देतात. बाहेरचे माप तर नक्कल करणारा एक नग विकत घेऊन तासाभरात काढतो. ते लपवल्याने अडते ते दूरचे प्रामाणिक गिऱ्हाईक. अर्थात काही विक्रेते केवळ व्यापारी असतात, माल बाहेरून येतो, त्यांच्याकडेच ड्रॉइंग नसते. ही खरी अडचण आहे, तिचा उपाय खाली सांगतो.

राहिला बीडच्या गरिबीचा मुद्दा. लेथ हवा, प्रयोगशाळा हवी, ऊसतोड कामगारांची मुले हंगामभर शाळेत टिकायला हवीत. यातले काहीही मी मागे ढकलत नाही. पण ड्रॉइंग या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. लेथ लाखांचा असतो; फाईल पाठवायला काही खर्च येत नाही. ती उघडणारे फ्रीकॅड मोफत आहे. एकेकाळी भारतीय मानके विकत घ्यावी लागत. ती खुली व्हावीत म्हणून २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली होती. आज भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानके मोफत उतरवून घेता येतात. देशाची मानके वडवणीच्या मुलाला फुकट मिळतात, आणि त्याने पैसे देऊन घेतलेल्या मोटरीच्या भोकांचे अंतर मिळत नाही, ही विसंगती गरिबीमुळे आलेली नाही. कोणी मागितले नाही म्हणून ती टिकून आहे.

मग मागायचे कुठे? जिथे पैसा एकगठ्ठा खर्च होतो तिथे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने बीडमध्ये प्रशिक्षण आणि नवोपक्रमाचे केंद्र उभारण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. एकटा विद्यार्थी विक्रेत्याला पत्र लिहितो तेव्हा उत्तर येत नाही; खरेदीच्या अटींत लिहिले की येते. अट साधी असावी : प्रत्येक यांत्रिक भागाबरोबर स्टेप फाईल, टॉलरन्ससह मापांचे पीडीएफ ड्रॉइंग, त्यावर प्रक्षेपणाचे चिन्ह आणि आवृत्तीची तारीख, आणि पुढच्या खेपेत माल बदलला तर नवे ड्रॉइंग. ज्या व्यापाऱ्याकडे ड्रॉइंगच नाही, त्याच्या मालाचे ते आपल्याच मुलांनी करावे. आयटीआयमध्ये यांत्रिकी आरेखकाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथल्या आणि तंत्रनिकेतनातल्या मुलांना सरावासाठी ठोकळ्यांऐवजी याच मोटरी, चाके, क्लॅम्प द्यावेत. दोघांनी वेगवेगळे मोजावे, मापे जुळली तरच ड्रॉइंगवर सही व्हावी, आणि ते ड्रॉइंग अंबाजोगाईपासून गेवराईपर्यंत ज्याला हवे त्याला उतरवून घेता यावे.