राहुट्या शिवणाऱ्यांचें घर

ज्युबिलीनिमित्त काढलेल्या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं नांवें यावीं, मंदिराच्या पायाभरणीचा दिवस नोंदला जावा, घंटा कोणीं दिली व वेदी कोणीं बांधविली ह्याची हकीकत छापली जावी, हें सर्वथा योग्यच आहे. ज्यांनीं दिलें त्यांचें स्मरण ठेवणें हें कृतज्ञतेचें लक्षण होय. परंतु अशा याद्या वाचतांना आमच्या मनांत एक प्रश्न नेहमीं उभा राहतो. मंदिरें बांधलीं जाण्यापूर्वीं ख्रिस्तसभा राहत होती कोठें? ज्या काळीं घंटा नव्हती, धर्मगुरूंचा बंगला नव्हता, त्या काळीं परक्या शहरांत उतरलेल्या श्रद्धावंतानें कोणाचें दार ठोठवावें? ह्या प्रश्नाचें उत्तर नव्या करारांत आहे, आणि तें एका दांपत्याच्या नांवानें दिलेलें आहे. पतीचें नांव अक्विला, पत्नीचें प्रिस्किल्ला.

सेमिनरींत आम्ही ख्रिस्तसभेचा जो इतिहास शिकलों, तो मुख्यत्वें धर्मपरिषदांचा, पोपमहाशयांचा व धर्मसंघांचा होता. परदेशीं सुवार्ता नेणारे म्हटले म्हणजे गलबतांतून उतरणारे झगाधारी धर्मगुरूच डोळ्यांपुढें येत. पुढें धर्मग्रामांत कार्य करूं लागल्यावर, घरोघर जाऊं लागल्यावर, ह्या दांपत्याकडे आमचें खरें लक्ष गेलें. नव्या करारांत त्यांचा उल्लेख अवघा सहा वेळां आहे: प्रेषितांच्या कृत्यांत तीनदां व संत पौलाच्या नांवाच्या पत्रांत तीनदां. परंतु ह्या सहा उल्लेखांत रोम, करिंथ व इफिस हीं तीन महानगरें आणि एका कुटुंबाचें आयुष्य सामावलेलें आहे.

अक्विला हा जन्मानें यहुदी, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोंत प्रांतांतला. तेथून तो रोमेस आला व पत्नीसह तेथें स्थायिक झाला. आपल्या मुलखापासून दूर, आपल्या हातांच्या कसबावर पोट भरणारा तो एक कारागीर होता. इ. स. ४९ च्या सुमारास सम्राट क्लॉडियस ह्यानें यहुदी लोकांस रोमेंतून घालवून देण्याची आज्ञा काढली. रोमन इतिहासकार सुएटोनियस लिहितो कीं, क्रेस्तुस नामक कोणाच्या चिथावणीनें त्यांच्यांत सतत दंगे होत, म्हणून ही आज्ञा निघाली. पुष्कळ पंडितांच्या मतें हें नांव ख्रिस्त ह्या नांवाचाच अपभ्रंश होय, आणि ते दंगे म्हणजे सभास्थानांत ख्रिस्ताविषयीं उठलेला वाद होय. तसें असल्यास ह्या दांपत्यास घर सोडावें लागलें तें अप्रत्यक्षपणें प्रभूच्या नांवामुळेंच. जमलेला धंदा, ओळखीचे गिऱ्हाईक, शेजारपाजार, सर्व मागें टाकून तीं दोघें समुद्रापार करिंथास गेलीं.

करिंथ हें नगर त्या काळीं नवेंच म्हणावें असें होतें. इ. स. पूर्वीं १४६ सालीं रोमन सैन्यानें जुनें करिंथ उद्ध्वस्त केलें, व सुमारें शंभर वर्षांनंतर, इ. स. पूर्वीं ४४ सालीं, ज्युलियस सीझर ह्यानें तें पुन्हां वसविलें. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर वसलेल्या ह्या नगरास दोन बाजूंस दोन बंदरें होतीं: पश्चिमेस लेखायन, पूर्वेस किंख्रिया. खलाशी, व्यापारी, मुक्त झालेले गुलाम ह्यांची तेथें सदैव वर्दळ असे. जवळच दर दोन वर्षांनीं इस्थमियाचे मोठे खेळ भरत, व त्या वेळीं दूरदूरचे लोक येऊन उतरत. अशा ठिकाणीं राहुट्या व छत शिवणाऱ्यांस काम न मिळतें तरच नवल. तेव्हां हद्दपार झालेल्या ह्या कुटुंबानें करिंथ निवडलें ह्यांत व्यवहाराचें शहाणपण दिसतें.

इ. स. ५० च्या सुमारास ह्या दुकानाच्या दारीं एक थकलेला प्रवासी येऊन उभा राहिला. तोच संत पौल. फिलिप्पै येथें त्यानें फटके खाल्ले होते, थेस्सलनीकाहून त्यास रातोरात निघावें लागलें होतें, अथेन्सांत विद्वानांनीं त्याची थट्टा केली होती. संत लूक सांगतो कीं, दोघांचा धंदा एकच असल्यामुळें तो त्यांच्याजवळ राहिला व काम करूं लागला. संत पौल किलिकिया प्रांताचा; तेथील शेळीच्या केसांचें जाडें कापड प्रसिद्ध होतें. कोणी म्हणतात तीं राहुट्यांसाठीं तें कापड शिवीत, कोणी म्हणतात कातडें. कांहीं असो, दाभण, आरी, सुरी व मजबूत दोरा हीच त्या दुकानाची दौलत होय. हीं हत्यारें एका गांठोड्यांत मावत, आणि म्हणूनच हें कुटुंब सुवार्तेबरोबर एका नगरांतून दुसऱ्या नगरांत जाऊं शकलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. करिंथकरांस पत्र लिहितांना संत पौल आपण तेथें स्वतः कोणाकोणास बाप्तिस्मा दिला तीं नांवें सांगतो: क्रिस्प, गायस व स्तेफनचें घराणें. त्या यादींत अक्विला व प्रिस्किल्ला नाहींत. ह्यावरून बहुतेक अभ्यासक असें अनुमान करितात कीं, तीं दोघें रोमेंतूनच ख्रिस्ती होऊन आलीं होतीं. म्हणजे थोर प्रेषिताच्या आगमनापूर्वींच श्रद्धेचा दिवा करिंथांत एका कारागिराच्या घरीं तेवत होता.

संत पौल करिंथांत दीड वर्ष राहिला. आठवड्याचे दिवस हातांत दाभण, आणि शब्बाथास सभास्थानांत वाद व उपदेश, असा त्याचा क्रम असे. त्याच मुक्कामांत त्यास गल्लियो ह्या सुभेदारापुढें उभें करण्यांत आलें. ह्या गल्लियोचें नांव ग्रीसमधील डेल्फी येथें सांपडलेल्या एका शिलालेखांत आहे, व त्यावरून त्याचा कारभार इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. संत पौलाच्या चरित्राचा कालक्रम लावतांना इतिहासकार ह्याच दगडाचा आधार घेतात. राजाच्या सुभेदाराचें नांव दगडावर राहिलें. राहुट्या शिवणाऱ्यांचें नांव ख्रिस्तसभेच्या स्मरणांत राहिलें.

संत पौल करिंथाहून निघाला तेव्हां हें दांपत्य त्याच्याबरोबर निघालें. किंख्रिया बंदरांतून तीं जहाजानें आशिया प्रांतांतील इफिस येथें आलीं. संत पौल तसाच पुढें सिरियाकडे गेला. तीं दोघें मात्र मागें राहिलीं. अर्तमी देवतेचें जगप्रसिद्ध मंदिर ज्या नगरांत होतें, तेथें प्रेषिताच्या पाठीमागें सुवार्तेचें काम ह्या दोन संसारी माणसांच्या हातीं राहिलें. त्यांस अर्थ सांगणारा कोणी गुरु जवळ नव्हता, पाठबळ देणारा संघ नव्हता. पुन्हां नवें घर, पुन्हां नवें गिऱ्हाईक.

अशांत आलेक्झांड्रियाचा अपुल्लोस नांवाचा एक विद्वान इफिसास आला. तो वक्ता मोठा, शास्त्रांत निपुण, मनाचा आवेशी. येशूविषयीं तो बिनचूक बोलत असे, परंतु त्यास बाप्तिस्मा ठाऊक होता तो केवळ योहानाचा. त्याचें भाषण ह्या दांपत्यानें सभास्थानांत ऐकलें. भर सभेंत उठून त्याची चूक दाखविणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं त्यास आपल्याकडे नेलें आणि देवाचा मार्ग अधिक नीटपणें समजावून दिला. पंडितानें कारागिरांच्या घरीं बसून ऐकलें, हा त्याचा मोठेपणा. आणि त्याचा मान राखून त्यास शिकविलें, हा त्यांचा. पुढें हाच अपुल्लोस बंधुजनांचें पत्र घेऊन करिंथास गेला व तेथील मंडळीचा आधार झाला. अशा रीतीनें घरांत झालेल्या एका संभाषणाचें फळ समुद्रापलीकडच्या ख्रिस्तसभेस मिळालें.

इफिसाहून करिंथकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं संत पौल अक्विला, प्रिस्किल्ला व त्यांच्या घरीं जमणारी मंडळी ह्यांचा नमस्कार कळवितो. त्यांच्या घरीं जमणारी मंडळी! ख्रिस्तसभेच्या आरंभींच्या शतकांत मंदिरांचें रूप हेंच होतें. प्रभुवाराच्या दिवशीं एखाद्या घरांत जमावें, शास्त्रवाचन व्हावें, भाकर मोडली जावी, गोरगरिबांसाठीं दान गोळा व्हावें. सिरिया देशांत युफ्रेटीस नदीच्या कांठीं दुरा-युरोपस येथें १९३० नंतरच्या दशकांत उत्खनन झालें, तेव्हां तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतील असें एक घर सांपडलें. दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्या घराचा दिवाणखाना सभेसाठीं मोठा केलेला होता, व एका खोलींत बाप्तिस्म्याचा हौद होता. आपल्या घरची भिंत पाडून प्रभूस जागा करून देणाऱ्या त्या कुटुंबाचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांचें मात्र ठाऊक आहे.

इ. स. ५४ सालीं क्लॉडियस मेला व हद्दपारीची आज्ञा निष्प्रभ झाली. सुमारें तीन वर्षांनीं संत पौलानें रोमकरांस पत्र लिहिलें, तेव्हां हें दांपत्य पुन्हां रोमेंत होतें, आणि तेथेंही त्यांच्या घरीं मंडळी जमत होती. त्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांतील नमस्कारांच्या लांबलचक यादींत, पत्र नेणाऱ्या फीबीच्या शिफारशीनंतर, पहिला नमस्कार ह्यांनाच आहे. संत पौल त्यांस ख्रिस्तांतील आपले सहकारी म्हणतो, आपल्या जिवासाठीं त्यांनीं स्वतःची मान धोक्यांत घातली असें सांगतो, आणि केवळ आपणच नव्हे तर परराष्ट्रीयांच्या सर्व मंडळ्या त्यांच्या ऋणी आहेत असें लिहितो. परराष्ट्रीयांच्या मंडळ्या म्हणजे यहुदी नसलेल्या सर्व लोकांची ख्रिस्तसभा. वाचकहो, तींत आपणही आलों. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तीं दोघें पुन्हां इफिसास असल्याचें दिसतें. जेथें गरज पडली तेथें त्यांनीं बिऱ्हाड हलविलें.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठीं मुद्दाम सांगावीशी वाटते. सहा उल्लेखांपैकीं चार ठिकाणीं पत्नीचें नांव पतीच्या आधीं आलें आहे. त्या काळच्या रिवाजास हें सोडून होतें. संत योहान ख्रिसोस्तोम ह्यांनीं रोमकरांस लिहिलेल्या त्या नमस्कारावर दोन स्वतंत्र प्रवचनें केलीं, आणि प्रिस्किल्लेचें नांव अगोदर येणें हें सहज घडलेलें नाहीं असें दाखवून दिलें. अपुल्लोसास शिकविण्याच्या प्रसंगींही लूक तिचेंच नांव प्रथम घेतो. घर उघडें ठेवणें ह्याचा अर्थ केवळ पाहुण्यांस जेवूं घालणें नव्हे. त्या घरांत श्रद्धेचें ज्ञान असावें लागतें, आणि तें देणारी गृहिणी असूं शकते. रोमन हुतात्मावलींत ह्या दांपत्याचें स्मरण ८ जुलै रोजीं आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं ७ फेब्रुवारी २००७ रोजींच्या आपल्या बुधवारच्या उपदेशांत ह्यांच्याविषयीं बोलतांना, प्रत्येक घर एक लहानशी ख्रिस्तसभा होऊं शकतें असें सांगितलें.

ही गोष्ट दूरदेशची खरी, परंतु तिचा अर्थ आपल्या भूमीस अपरिचित नाहीं. इ. स. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय धर्मसंघीयही गेले, आणि किल्ल्यांतील मठ व मंदिरें ओस पडलीं. तरीही उत्तर कोकणांत ख्रिस्ती श्रद्धा टिकली. ती राखली एतद्देशीय धर्मगुरूंनीं आणि उंबऱ्याच्या आंत गुडघे टेकणाऱ्या कुटुंबांनीं. छप्परें कोसळलीं, घरें उभीं राहिलीं.

आजही आमच्या धर्मग्रामांतील कितीएक तरुण दांपत्यें पोटासाठीं आखाती देशांत व त्याहून दूर गेलीं आहेत. त्यांस निरोप देतांना आपण पैशाची, पत्राची, प्रकृतीची काळजी सांगतों. त्यांनीं तेथें प्रिस्किल्लेचें घर मांडावें असें मात्र क्वचितच कोणी सांगतो. तीं हत्यारें घेऊन जातात. श्रद्धाही त्याच गांठोड्यांत जावी, इतकेंच आमचें मागणें आहे.

आणि जे येथेंच आहेत त्यांच्याशींही आमचें बोलणें आहे. घरभेटीस गेलों असतां भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसते, पण सायंप्रार्थना केव्हां होते असें विचारलें कीं घरची मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. हा दोष केवळ त्यांचा नव्हे. मंदिर बांधलें, आतां प्रार्थनेचें तेथें पाहून घेतील, अशी समजूत होऊं देण्यांत आम्हां धर्मगुरूंचाही वांटा आहे, हें ह्या मंगल प्रसंगीं प्रांजळपणें कबूल करणें आम्हांस उचित वाटतें.

ज्युबिलीचे दिवे उद्यां उतरविले जातील, मांडव सोडला जाईल. मांडव आणि राहुटी हीं दोन्हीं थोड्या दिवसांचींच. परंतु राहुट्या शिवणाऱ्या त्या दोघांचें दार दोन हजार वर्षें झालीं तरी मिटलेलें नाहीं. ह्या पुस्तिकेंत ज्यांचीं नांवें छापलीं आहेत त्यांस परमेश्वर त्यांच्या दानाचें फळ देवो. आणि ज्यांचीं छापलीं नाहींत, पण ज्यांच्या घरीं आज रात्रीं मुलांबाळांसह रोझरी म्हटली जाईल, त्यांच्या घराची नोंद तो आपल्या ग्रंथांत करो, हीच आमची प्रार्थना.